गोदूबाईची तीन बोटं

गोदूबाईच्या दहा बोटांपैकी सात बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. दोन्ही करंगळ्या आणि डावी अनामिका, एवढ्यांवरच त्या दिसत होत्या. हातमागावर तुटलेले धागे चिमटीत वळून जोडता जोडता बाकीच्या झिजल्या.

"ठशाला कोणतंही बोट चालते, मावशी," काउंटरवरचा सुमंत म्हणाला. "पण तीनच चान्स. मग मशीन आज तुमचा ठसा घेत नाही."

इतवारी बाजारातली ही तिसरी बँक. आधीच्या दोन बँकांनी अंगठा पाहूनच परत पाठवलं होतं. विणकरांची पतसंस्था बंद होत होती. तिथली शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवायची आज शेवटची तारीख. गोदूबाईला ते खातं स्वतःच्या नावावर हवं होतं. तिच्या मुलाला, अंकुरला, त्याच पैशातून टेम्पो घ्यायचा होता.

"थांब वं माय." अंकुरने कागदाची पुडी सोडली. "चहावाल्याच्या शेगडीतली राख आणली. मागावर लावत होती ना तू? बोट सरकत नाही."

गोदूबाई हसली. "याद आहे तुले? राखेबिगर धागा सांधतच नाही गा."

"दहाही बोटांले लाव."

तिने लावली, नीट चोळून. डावी करंगळी काचेवर टेकवली. लाल दिवा. मग अनामिका. पुन्हा लाल.

"मावशी, मशीन आहे का चूल?" सुमंत खेकसला.

"आता भांडेही घासून घ्या म्हणा!" रांगेतून कोणी तरी म्हणालं. लोक हसले.

"हात धुऊन येतो जी," ती पदराला बोटं पुसत म्हणाली.

अंकुरने तिचं मनगट धरलं. "काहून टाइम घालवून राहिली? लाव ना." त्यानेच तिची उजवी करंगळी काचेवर दाबली.

लाल.

"झालं. आता उद्या," सुमंत म्हणाला.

"उद्याचं काय करू जी? आजच शेवटची तारीख आहे."

"मग खातं पोराच्या नावानं काढा. संस्थेत वारस तोच आहे ना? तुमची संमती लागेल फक्त."

मागून कोणी तरी घाई केली. गोदूबाईने होकाराची मान हलवली.

अंकुरने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात ओला रुमाल होता, नीट घडी घातलेला. त्याने काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली. मग स्वतःचा अंगठा पुसला, दोनदा.

"हा रुमाल होता तुह्यापाशी?" गोदूबाईने विचारलं.

"हो वं माय."

त्याने अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आकडा आला: जुळणी सत्त्याण्णव टक्के.