विजयदुर्गला तिघं

पौषातली सकाळ. धुक्याचं शुभ्र, सैलसर वस्त्र कृष्णेच्या अंगावरून हळूहळू ओघळत होतं, आणि त्याखालचं निद्रालस पाणी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं वाहत होतं. कराडच्या त्या नदीकाठच्या घरात ऊन आलं ते दबक्या पावलांनी. आधी शेवंतीच्या कुंडीवर, मग उंबऱ्यावर, मग रघुवीर काण्यांनी टेबलावर पसरलेल्या नकाशावर.

नकाशाच्या डाव्या कडेला निळा, अथांग, कागदी समुद्र. त्याच्या काठाला पेन्सिलीची दोन वर्तुळं. वरचं मुरूड. खालचं विजयदुर्ग.

रघुवीर एकसष्ट वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. फळ्यावर त्यांनी हजारदा किनारे रेखाटले होते. स्वतः जायचं मात्र राहून गेलं. आजारी आईच्या उशाशी वर्षं गळत गेली, लग्नही राहून गेलं. आणि मग, केसांवर चांदणं उतरल्यावर, ग्रंथालयातल्या कुमुदशी त्यांची ओळख झाली. कुमुद अठरा वर्षं एकटी राहत होती. कार्तिकात दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ही त्यांची पहिली सहल.

"तुम्ही ठरवा," रघुवीर म्हणाले. "दोन्हीकडे किल्ला आहे, दोन्हीकडे समुद्र."

"मुरूड," कुमुद म्हणाली. फार लवकर म्हणाली.

मग ती मुरूडविषयी बोलत राहिली. भर पाण्यातून उगवलेला कृष्णपाषाणी जंजिरा, त्याच्याकडे झुकत जाणारी शिडाची होडी, सुरूच्या बनातली हरितश्याम कुजबुज. तिचं बोट वरच्या वर्तुळाभोवती फिरत होतं, फिरत होतं. खालच्या वर्तुळाकडे बोट गेलं नाही. डोळे गेले.

विजयदुर्ग. हे नाव तिनं अठरा वर्षांत उच्चारलं नव्हतं. तिथे ती तिच्या पहिल्या नवऱ्याबरोबर, दिगंबरबरोबर, तीन दिवस राहिली होती. तीन दिवस आरक्त-श्यामल जांभ्याचे तट, तीन दिवस वाघोटनच्या खाडीवरचा खारट, खोडकर वारा, तीन दिवस त्याचं मोठ्यानं हसणं. परतल्यावर महिन्याभरात, एका साध्याशा दुपारी, जेवणाच्या ताटावरच दिगंबरचं हृदय थांबलं. त्या दिवसापासून ते गाव तिच्या आत बुडून राहिलं होतं. तट, बुरूज, खाडी, हसू, सगळं सगळं, निळ्या पाण्याखाली.

रघुवीरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"विजयदुर्ग का नको?"

"तिथे मी जाऊन आलेय."

"कुणाबरोबर, ते मला कळतंय."

शेवंतीवर एक मधमाशी गुणगुणत होती.

"मग झालं तर," कुमुद खालमानेनं म्हणाली. "मुरूडला आपण दोघं जाऊ. तिकडे गेलो तर... तिघं होऊ आपण. तुम्हाला बरं नाही वाटायचं."

रघुवीरांनी खालच्या वर्तुळावर बोट ठेवलं. त्यांच्या मनातून काहीतरी टोचत गेलं. गेलं नाही असं नाही. ज्या हसण्याची ती इतकी वर्षं राखण करत होती, ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्याशी बरोबरी करणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. मग ते सावकाश म्हणाले, "मी एकटा खूप जगलोय, कुमुद. तिघं असलो तर मला चालेल. त्याचं नाव न घेता तुम्ही माझ्याशेजारी बसता, ते मात्र जड जातं."

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा डोळे धुतलेले होते. तिनं प्रवासाची पिशवी टेबलावर ठेवली, आणि तिच्या ओठांवर, अठरा वर्षांनी, ओल्या शिंपल्यासारखं त्या गावाचं नाव उघडलं.

"विजयदुर्गला दुपारी ऊन फार लागतं. तुमची टोपी घ्या."

गगनबावड्याचा घाट उतरताना हवा कोमट झाली, मग दमट झाली, मग खारी झाली. दुसऱ्या दिवशी, कलत्या उन्हात, दोघं किल्ल्यात शिरले. रघुवीर मुद्दाम चार पावलं मागे राहिले. कुमुद तटावरून चालत होती. दिगंबर कुठल्या बुरुजावर बसला होता ते शोधत होती. हा का? की तो? सगळे बुरूज सारखेच, सगळ्यांवर तेच पिवळं गवत, तीच वाऱ्याची लहर. तिला आठवेना. आठवत नाही म्हणून ती घाबरली, थांबली. आणि मग, आतली घट्ट मूठ कुणी अलगद उलगडावी तसं, तिला हलकं वाटलं.

"अहो, मागे का राहिलात?" तिनं वळून हाक मारली. "इथे या. दिगंबर कसा होता, ते सांगते तुम्हाला."

रघुवीर आले, जांभ्याच्या उबदार दगडावर तिच्या बाजूला टेकले. ती सांगत राहिली, ते ऐकत राहिले. एका आठवणीपाशी ती हसली, आणि त्यांनाही हसू आलं.

खाली भरती येत होती. केशरी पाणी, मग जांभळं पाणी, मग नुसतं पाणी. एक लाट तटाला टेकत होती, तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, आणि खाडीच्या मुखातून परतणाऱ्या होड्या, एकामागून एक, संथ, संथ, किनाऱ्याला लागत होत्या.