लाल ठिपका, निळा ठिपका

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात लोकांचे फोन जोडून दिल्यावर ताईला वाटलं होतं, आता तरी कानांना आराम मिळेल. कसला आराम! घरी दोन धाकटे भाऊ होते आणि नऊ वर्षांपूर्वी वाटणीच्या दिवशी ते एका शिडीवरून भांडले होते. घर निम्मं झालं, अंगणात भिंत आली, भांडी वाटून झाली, शिडी मात्र निम्मी होईना. तेव्हापासून थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय सांगायचं ते वरच्या खोलीत राहणाऱ्या ताईमार्फत. "त्याला सांग, नळ नीट बंद करत जा म्हणावं." "त्याला सांग, नळ त्याचाच गळतोय." दोघांच्या बायका भिंतीशी उभ्या राहून रोज तासभर गप्पा मारत, याचा या दोघा शहाण्यांना पत्ताही नव्हता.

ताईचा नोकरीतला एक नियम होता. निरोप असेल तसा पोचवायचा, पदरचा एक शब्द घालायचा नाही. तिला त्याचा भारी अभिमान. नऊ वर्षं तिने शिव्यासुद्धा काना-मात्रेचा फरक न करता पोचवल्या.

वाटणीतून वडिलांची मधमाश्यांची पेटीही सुटली नव्हती. पोळ्याच्या पाच चौकटी याला, पाच त्याला. राणी थोरल्याकडे गेली. धाकट्याकडच्या माश्यांनी मुकाट्याने नवी राणी वाढवली आणि कामाला लागल्या. पुढे दर वसंतात थवा उडाला, की तो कुणाचा यावरून ताईच्या जिन्यावर दोघांच्या खेपा सुरू. शेवटी तिने थोरल्याच्या राणीच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, धाकट्याच्या राणीला निळा. राणी बदलली की नवा ठिपका. भांडण थोडं कमी झालं, म्हणजे निळ्या रंगाची बाटली कुणी आणायची एवढ्यावर आलं.

त्या उन्हाळ्यात थोरल्याने मध काढला म्हणून धाकट्याने काढला. धाकट्याचा एक डबा जास्त भरला म्हणून थोरल्याने पुन्हा चौकटी पिळल्या. माश्यांना हिवाळ्यासाठी काही ठेवावं लागतं, हे वडिलांनी वहीत लिहून ठेवलं होतं, पण वही ताईकडे होती आणि अक्कल कुणाकडेच नव्हती. पानगळ सुरू झाली तेव्हा दोन्ही पेट्यांत जेमतेम तीन-तीन चौकटींवर माश्या उरल्या. एवढ्याशा माश्या एकमेकींना ऊब तरी किती देणार?

ताईने वही काढली. 'अशक्त पेट्या थंडीआधी एक कराव्यात. एकीवर दुसरी ठेवावी, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. कागद कुरतडून संपेपर्यंत दोघींचा वास एक होतो, भांडण होत नाही. मात्र एक राणी आधी काढावी.'

"त्याला सांग, त्याची काढ म्हणावं," थोरला म्हणाला.

"त्याला सांग, थोरला आहेस तर मोठेपणा दाखव," धाकटा म्हणाला.

हे आठ दिवस चाललं. वारा गार झाला. पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडायला लागला, तशी ताई पहिल्यांदा चिडली. बापाच्या हातचं एवढंच एक जिवंत उरलं होतं, आणि तेही ही दोघं निरोप पाठवून मारायला निघाली होती.

"उद्या सकाळी दोघांनी आपापली पेटी उघडायची," तिने दोन्हीकडे जाऊन बजावलं. "कुणी तरी एकाने राणी काढा. कुणी काढली ते मला सांगू नका."

सकाळी दोघंही पेटीपाशी जाऊन आले. दोघांचे चेहरे पडलेले. ताईने मागाहून दोन्ही झाकणं उचलून पाहिलं. एकीत लाल ठिपका आरामात फिरत होता, दुसरीत निळा.

तिला हसावं की रडावं कळेना. तिने कागद पसरला, टाचणीने भोकं पाडली आणि आपल्या जिन्यापाशी पेटीवर पेटी चढवली. लढू देत राण्यांनाच. एक तरी उरेल.

"त्याने काढली का?" थोरल्याने खाली मान घालून विचारलं.

"काढली," ताई म्हणाली. नऊ वर्षांत पदरचा पहिला शब्द.

धाकट्यालाही तिने तेच सांगितलं, की थोरल्याने काढली. तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी पेटीच्या तोंडाशी कागदाचा चुरा पडला होता आणि त्यात निळ्या ठिपक्याची मेलेली राणी. ताईने ती काडेपेटीत ठेवली आणि चकार शब्द काढला नाही.

कारण हिवाळ्यात नवल घडत होतं. थोरल्याने माश्यांसाठी साखर आणून भिंतीवर ठेवली, न सांगता. धाकट्याने ती कुजत पडलेली शिडी दुरुस्त केली आणि थोरल्याचं पन्हळ साफ करून दिलं. एकदा झाकणावर दगड ठेवायला दोघं एकाच वेळी पोचले.

"वारा आहे," थोरला म्हणाला.

"आहे खरा," धाकटा म्हणाला.

ताई खिडकीत उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. आपण खोटं बोललो याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती, की हे उघडं पडलं तर अबोल्याची पुढची नऊ वर्षं कुणाच्या नावावर?

पहिली फुलं आली तशी पेटीपुढे लाल ठिपक्याची राणीही मरून पडलेली दिसली. तीही काडेपेटीत गेली. पण माश्या पायांना पराग लावून आत पळत होत्या, म्हणजे आत पिलावळ होती. कुणी तरी अंडी घालत होतं.

बहर भरात आल्यावर तिघांनी मिळून पेटी उघडली. ताईच्या हातात माश्या शांत करायचं धुराचं डबडं, खिशात काडेपेटी. चौथ्या चौकटीवर राणी दिसली. लांब, सोनेरी, पाठ स्वच्छ, ना लाल ना निळा.

"रंग उडालेला दिसतो," थोरला घाईने म्हणाला. "ही तुझी."

"माझी कशी? तुझी आहे, दादा."

"मी देतोय ना तुला!"

"तू कोण देणार? मीच तुला देतोय!"

"तुझं हे नेहमीचंच! त्या दिवशी तू जे केलंस, त्यानंतर मी..."

"मी काय केलं? केलंस तर तू..."

ताईने डबड्याचा भाता असा दाबला की दोघं खोकून खोकून लाल झाले. त्या गडबडीत तिने डबड्याचं झाकण उघडून काडेपेटी निखाऱ्यात टाकली.

खोकला थांबला. थोरल्याने डोळे पुसले, सवयीने तिच्याकडे वळला.

"ताई, त्याला सांग..."

"समोर उभा आहे," ताई म्हणाली. "तूच सांग."

आणि त्याने सांगितलं. चांगलं घसा ताणून सांगितलं, धाकट्यानेही तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, आणि ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत राहिली.