कशाचीही उणीव नाही

“‘डेस्टिट्यूट’ हा शब्द मी लिहिणार नाही,” कमलाकरराव खांबेटे यांनी तिसऱ्यांदा बजावले. “रस्त्यावर आलेल्या माणसाचा तो शब्द आहे. तुझ्या डोक्यावर छप्पर आहे, हाताला काम आहे. मंडळाच्या लेटरहेडवर असला शब्द आजवर गेलेला नाही.”

“काका, मी कुठे हट्ट धरतेय? सरकारी गाइडन्समध्ये आहे म्हणून म्हटलं,” निधी शेलार हसली. “तुम्हांला डीसेंट वाटेल ते लिहा. फक्त मला फी परवडत नाही, एवढं त्यांना कळलं पाहिजे.”

“आणि लवकर लिहा,” त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. “वीस तारखेला तिचा व्हिसा संपतोय. त्याच्या आत सगळं सबमिट व्हायला हवं. तुमचा वाद काही वीस तारखेला संपायचा नाही.”

दोघीही हसल्या. कमलाकरराव हसले नाहीत.

लंडनमधल्या हाउन्सलोतील त्या घरात निधी तीन वर्षांपासून येत होती. वय चौतीस. विमानतळावरच्या कॉफीच्या काउंटरवर आठवड्याचे वीस तास काम. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडायला निघून गेला होता. सात वर्षांची मायरा मात्र बापाच्या नागरिकत्वामुळे ब्रिटिश ठरली होती आणि तिची आई म्हणून निधीला या देशात राहता येत होते. ही परवानगी दर अडीच वर्षांनी नवी करून घ्यावी लागे. आरोग्यसेवेचा अधिभार धरून त्याची फी चार हजार पाउंडांच्या आसपास जाई. ज्याला ती खरोखरच झेपत नाही त्याने तसा अर्ज करावा, बँकेचे, पगाराचे, भाड्याचे कागद जोडावेत, आपण कसे राहतो हे जाणणाऱ्याचे पत्र जोडावे. होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, पटले तर फी माफ होते. हे पत्र कमलाकररावांनी लिहावे, यात कोणालाही शंका नव्हती. ते अकरा वर्षे तिथल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते, आणि पोटापाण्यासाठी एका कार्गो कंपनीत आयात-निर्यातीचे कागद तपासत. एका शब्दाच्या तफावतीवरून अख्खी खेप अडवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

“आणि माफी नाही मिळाली तर?” त्यांनी विचारले.

“मग चार हजार उभे करायचे. ते कुठून करणार? व्हिसा गेला की जॉब गेला, जॉब गेला की खोली गेली. मायरा इथली, मी तिथली.” निधीने खांदे उडवले. “पण मागून तर बघते. मागायला कसली लाज, काका? फार तर नाही म्हणतील.”

मीनाक्षीबाईंनी तव्यावरची गरम पोळी सरळ तिच्या ताटात टाकली. “खा आधी. नाही म्हणायला त्यांची काय बिशाद!”

ते वाक्य कमलाकररावांच्या मनात रुतून बसले. होम ऑफिसविषयीचे नव्हे. मागायला कसली लाज, हे.

तेरा वर्षांपूर्वी त्यांनीही फी भरली होती. स्वतःची, मीनाक्षीबाईंची आणि मुलीची, आसावरीची. त्या वर्षी ते मिल्टन कीन्सच्या मुक्त विद्यापीठात, घरबसल्या, इतिहासाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. नागपूरला अर्धवट सुटलेले शिक्षण पन्नाशीच्या आत पुरे करायचे, असा त्यांचा निश्चय होता. कायमच्या वास्तव्याचे तीन अर्ज आणि विद्यापीठाचे शुल्क एकाच वर्षी निघेना, तेव्हा त्यांनी विद्यापीठाला नाव काढून घेण्याचे पत्र लिहिले. त्याचा एक कच्चा खर्डा केला, एक पक्का. कोणाकडे काही मागितले नाही. आसावरी आता ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत होती; एकदा हा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, “बट बाबा, हे तू कोणाला सांगितलंच नाहीस!”

सांगितले असते तर कोणी माफ केले असते? या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी गेल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, सरकारी मार्गदर्शिका उघडून शोधले होते. ते आले होते नोकरीच्या व्हिसावर. त्या वाटेने येणाऱ्यांना माफीची सोय तेव्हाही नव्हती, आजही नाही. म्हणजे त्यांच्याकडून काही निसटले नव्हते. एवढे कळल्यावर मन शांत व्हायला हवे होते. तसे झाले नाही. जे आपल्याला मिळणेच शक्य नव्हते ते दुसऱ्याला मिळताना पाहण्यात एक निराळीच आग असते, आणि तिला युक्तिवादाने विझवता येत नाही हे त्या युक्तिवादप्रिय माणसाला एकसष्टाव्या वर्षी कळत होते.

दुपारी निधी गेल्यावर ते पत्र लिहायला बसले. इंग्रजी त्यांची जुन्या वळणाची, घडीव होती. निधी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, मुलीला उत्तम वळण लावते आहे, फी भरणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे सारे त्यांनी लिहिले. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मग शेवटच्या परिच्छेदाशी त्यांचा हात थांबला.

मार्गदर्शिकेतली एक ओळ त्यांना पाठ होती: अर्जदाराला मित्रांकडून, नातलगांकडून कितपत आधार मिळतो हे तपासावे. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ त्यांनीच ओढली होती.

त्यांनी लिहिले: ‘आमचा समाज तिच्या पाठीशी कुटुंबासारखा उभा आहे. तिला कशाचीही उणीव आम्ही आजवर भासू दिलेली नाही आणि पुढेही भासू देणार नाही.’

वाक्य भारदस्त होते. मंडळाची शान राखणारे होते. आपल्याकडे कोणाही सभ्य माणसाने परक्या मुलीची शिफारस करताना असेच लिहिले असते, असे त्यांनी स्वतःला सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. त्यांनी पत्र दोनदा वाचले. खाली सही केली.

संध्याकाळी पत्र न्यायला आलेल्या निधीने ते उभ्याउभ्याच वाचले. शेवटच्या परिच्छेदावर आली तसे तिचे डोळे ओले झाले.

“काका, माझ्याबद्दल असं कोणी कधी लिहिलं नाही हो. माझ्या आईनेसुद्धा नाही.” आणि काय होते आहे हे त्यांना कळण्याआधी ती पायांशी वाकली.

“असू दे, असू दे,” म्हणत कमलाकरराव दोन पावले मागे सरले.

पाच आठवड्यांनी, मंगळवारी, कार्गो कंपनीतल्या त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. निधी विमानतळावरून, तिच्या ब्रेकमध्ये बोलत होती. मागे कॉफीच्या यंत्राची वाफ फुसफुसत होती.

“काका, ईमेल आलाय. ते म्हणतात, अकॉर्डिंग टू द लेटर, तुमची कम्युनिटी तुम्हांला सगळं पुरवते. मग हा सपोर्ट किती आहे, कोण देतं, आणि फीसाठी तो का वापरता येत नाही, हे एक्स्प्लेन करा. टेन वर्किंग डेज दिलेत.” ती दम घ्यायला थांबली. “मला कळत नाहीये. एवढं छान पत्र होतं. त्यात चुकलं काय?”

“बघतो,” ते म्हणाले. “घरी गेल्यावर बघतो.”

घरी मीनाक्षीबाईंच्या फोनवर निधीने पाठवलेला तोच ईमेल येऊन पडला होता. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

“ती विचारत होती, काकांकडून चूक झाली असेल का,” त्या म्हणाल्या. “मी काय सांगायचं?”

“सांगायचं काय त्यात? शिफारसपत्र आहे ते. शिफारसपत्राची एक रीत असते. मंडळाच्या वतीने लिहिताना आम्ही तिला वाऱ्यावर सोडलंय, असं लिहायचं होतं का? तू विचार कर. शब्दाचा अर्थ संदर्भाने लावायचा असतो, आणि समोरच्या कारकुनाला जर...”

“अहो.” मीनाक्षीबाईंचा आवाज चढला नव्हता. “सव्वीस वर्षं तुम्ही लोकांचे कागद तपासताय. मागे एका चुकीच्या शब्दावरून कोणाचे आंबे अडवलेत, ते नासले. तुम्हांला हे कळलं नसेल?”

कमलाकररावांनी वाद घालण्यासाठी तोंड उघडले, मग समोरची खुर्ची ओढून बसले.

“मी भरली ना सगळी फी,” ते म्हणाले. “तिघांची. कोणाला माफ करा म्हटलं का मी?”

“नाही म्हटलंत. मला तरी कुठे सांगितलंत? विद्यापीठाचे ईमेल यायचे बंद झाले तेव्हा मला कळलं. तिने काय केलं त्यात?” त्या उठल्या. “उद्या जा तिच्याकडे. नीट लिहून द्या. तिला इकडे बोलवू नका, तुम्ही जा.”

निधीचा पत्ता त्यांनी पत्रात स्वच्छ टाइप केला होता. त्या पत्त्यावर ते पहिल्यांदाच गेले. कार्पेटच्या दुकानावरची खोली. एक पलंग, त्याच्या पायथ्याशी मायराची गादी, खिडकीशी घडीचे टेबल आणि एकच खुर्ची. स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर, चार भाडेकरूंत मिळून एक. खुर्ची निधीने त्यांना दिली आणि स्वतः पलंगाच्या काठावर बसली.

“आम्ही तुला काय काय दिलं त्याची यादी करावी लागेल,” कमलाकरराव लॅपटॉप उघडत म्हणाले. “तारखेसकट. बरोबर लिहिलं पाहिजे.”

“दिवाळीचा फराळ,” निधी म्हणाली.

“तीनदा.”

“दोनदा. तिसऱ्या वर्षी मंडळाने तिकीट ठेवलं होतं, मी आले नाही.”

त्यांनी दोन लिहिले. “थंडीचा कोट. आसावरीचा.”

“हो. आणि एकदा मायराच्या स्कूल ट्रिपचे बारा पाउंड काकूंनी दिले होते. ते मी परत केले. तरी लिहायचं?”

“परत केले, असंही लिहायचं.”

“काकू रविवारी जेवायला घालतात, ते?”

“किती रविवार?”

“महिन्यातनं एखादा.”

यादी तिथे संपली. कमलाकररावांनी पडद्यावरच्या ओळी मोजल्या. तीन वर्षे, एक मंडळ, दोनशे सभासद. सात ओळीही भरल्या नव्हत्या. त्याखाली त्यांनी लिहिले की, आधीच्या पत्रातील विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. निधी शेलार यांना या मंडळाकडून याखेरीज कोणतीही मदत मिळालेली नाही. ते विधान सही करणाऱ्याची चूक होय. त्यांनी तिला वाचून दाखवले.

“चूक,” निधी हळूच म्हणाली.

“निधी, मी ते...”

“काका, नको.” तिने हात पुढे केला; थांबवण्यासाठी, रागाने नव्हे. “तुमची चूक होत नाही, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे. मी काल पूर्ण दिवस तोच विचार केला. आता सही करा. मला चार वाजता मायराला शाळेतनं आणायचंय.”

त्यांनी पडद्यावरच सही करून पत्र तिला ईमेल केले. तिने ते तिथेच फोनवरून अपलोड केले, आणि खाली दारापर्यंत त्यांना सोडायला आली. चहा केला होता की नाही, हे त्यांनी बसमध्ये बसल्यावर आठवून पाहिले. केला नव्हता.

फी माफ झाली. तीन आठवड्यांनी मीनाक्षीबाईंच्या फोनवर निधीचा मेसेज आला, मायराने चितारलेल्या एका वेड्यावाकड्या केकसह. कमलाकररावांच्या फोनवर काही आले नाही. बातमी ऐकली तेव्हा छातीत ती जुनी आग क्षणभर पेटली. पूर्वी होती तितकीच, त्याच जागी. या वेळी त्यांनी तिच्याशी वाद घातला नाही.

मार्चमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात निधी त्यांच्याकडे आली. बरोबर पंचविशीतली एक मुलगी होती, हातात कागदांची प्लास्टिकची फाइल.

“नमस्कार, सर,” निधी म्हणाली. तीन वर्षांत तिने त्यांना सर म्हटले नव्हते. “ही ईशिता. माझ्याबरोबर काउंटरला असते. तिलाही फी वेव्हरचा, माफीचा अर्ज करायचाय. ईशिता, हे खांबेटेसर. पत्र फार सुंदर लिहितात.” मग ती ईशिताकडे वळून, त्यांना स्वच्छ ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, “फक्त पाठवायच्या आधी तू स्वतः नीट वाच.” आणि मीनाक्षीबाईंना ताटे वाढू लागायला निघून गेली.

ईशिता संकोचून उभी होती. कमलाकररावांनी कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या. तिची हकीकत ऐकत त्यांनी तिथेच, कोऱ्या कागदावर, हाताने मसुदा लिहिला. विशेषणे न घालता, हळूहळू. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे फिरवून ठेवला, पेन त्यावर आडवे ठेवले, आणि ती एकेक ओळ वाचून होईपर्यंत हात मांडीवर घेऊन बसून राहिले.