राखेच्या धावपट्टीवरची खुरपी

मी एक जुनी खुरपी आहे. पातं चमच्यासारखं खोलगट, मूठ लाकडी आणि स्वभाव उतावळा. मित्रांनो, न्यू हँपशरमधल्या एका कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत मी गंजत पडले आहे. तरी बाहेर शर्यतीच्या पिस्तुलाचा बार झाला की माझं पातं अजून शिवशिवतं.

गावच्या लोहाराने मला घडवलं ते बागेसाठी. ट्यूलिपचे कांदे पुरायचं ते शांत काम मला कधी मानवलं नाही. मग एके दिवशी ऑरिन पेल नावाच्या विद्यार्थ्याने माळ्याच्या हातापाया पडून मला मागून घेतलं आणि कोळशाची राख पसरून केलेल्या काळ्या धावपट्टीवर आणलं. त्या काळी सगळे ताठ उभे राहून धाव सुरू करायचे. ऑरिनने मात्र हात जमिनीला टेकून, वाकून सुटायची नवी रीत उचलली होती. त्यासाठी पाय रोवायला दोन खड्डे लागत आणि ते मी खणायचे. ज्याचे खड्डे त्याने बुजवायचे, असा तिथला रिवाज होता. खणताना ऑरिनला भारी हुरूप यायचा, बुजवायचा मात्र त्याला कंटाळा.

"आला रे बेडूक!" धावपटूंच्या संघाचा कप्तान लायमन त्याला चिडवायचा. "अरे, ही शर्यत आहे, तळं नाही."

"हस तू. शनिवारी बघ."

"शनिवारी हरलास तर संघातून नाव कापलं म्हणून समज. आणि तुझं तर शेवटचं वर्ष!"

छातीवर कॉलेजच्या नावाचं पहिलं अक्षर असलेला लोकरी स्वेटर फक्त जिंकणाऱ्याला मिळे. ऑरिनचा त्या स्वेटरवर फार जीव होता.

शनिवारी शेजारच्या कॉलेजचा वेंडेल कोल्टर त्याच्या बाजूला उभा होता. ऑरिनने खड्डे खणले, मला गवतावर फेकलं आणि तो वाकला. पण त्याला कुठला धीर! बार होण्याआधीच तो सुटला.

"पेल, एक यार्ड मागे!" पंच ओरडले. आधी पळणाऱ्याला तेव्हा हीच शिक्षा असे.

मागे जायचं म्हणजे नवे खड्डे आले. ऑरिनने धावत येऊन मला उचललं.

"आटप लवकर! आम्ही काय इथे जेवायला बसलोय?" पंच खेकसले.

त्याने भराभर खणलं आणि मला पुन्हा भिरकावलं. गवतात पडल्या पडल्या माझी नजर धावपट्टीवर गेली. पहिले दोन खड्डे त्याच्याच वाटेत, अगदी समोर, तसेच उघडे होते. ऑरिन, बुजव ते! पण खुरपीला कुठली वाचा?

बार झाला. या वेळी ऑरिन अचूक सुटला, सगळ्यांच्या आधी. त्याचं पहिलंच पाऊल जुन्या खड्ड्यात गेलं आणि तो तोंडावर आपटला.

शर्यत वेंडेलने जिंकली. तो परत आला आणि त्याने मला उचललं. "आणखी कोणी पडायला नको," असं म्हणत तो खड्डे बुजवायला खाली बसला.

ऑरिन लंगडत आला. नाकातोंडात राख गेली होती. "दे इकडे. माझे खड्डे आहेत."

चारही खड्डे त्याने भरले, थापून थापून सारखे केले. रडत होता बिचारा. लायमनने शब्द खरा केला. संघ गेला, स्वेटरही गेला.

पुढच्या वर्षी गंमत बघा. लायमनसकट सगळं कॉलेज बेडकासारखं बसू लागलं. मला क्षणाची उसंत मिळेना. ऑरिन आता गावच्या शाळेत शिकवायचा. शर्यती असल्या की येऊन कुंपणापाशी चुळबुळत उभा राहायचा. एकदा लायमन आधी सुटला, एक यार्ड मागे गेला, घाईघाईने नवे खड्डे खणून वाकला. तेवढ्यात कुंपणावरून आरोळी आली.

"लायमन! आधीचे बुजव!"

लायमन थबकला. मला उचलून त्याने खड्डे बुजवले आणि शर्यत जिंकली. मग तो धापा टाकत कुंपणापाशी गेला.

"पेल, मला ते खड्डे दिसलेच नव्हते रे."

"मलाही नव्हते दिसले," ऑरिन म्हणाला.

मित्रांनो, आता पाय रोवायला ठोकळे आले. खड्डे कोणी खणत नाही आणि माझी आठवण कोणाला होत नाही. मला घासूनपुसून बागेत न्या, मी ट्यूलिपचे कांदेसुद्धा आनंदाने पुरेन. फक्त जे खणाल ते आधी बुजवा, आणि मग खुशाल पळा.