ब्लेडनं कापलेली बटणं

बटण झिजून तुटलं की दोऱ्याचं टोक पिंजारलेलं असतं. ब्लेडनं कापलं की सरळ. हे कळायला माझ्यासारखी पंधरा वर्षं शिवणकामात घालवायला नकोत, एक महिना पुरे. म्हणून तो माणूस तिसऱ्यांदा बटण गेलेला शर्ट घेऊन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मग तो दुकानासमोर उभा राहायला लागला. मग नवनव्या नंबरांवरून फोन: "आज निळा रंग खुलतोय हं." मी ते दुकान सोडलं. त्यानं जुन्या मालकीणबाईंना गोड आवाजात विचारलं, "ताईंकडे माझा कोट राहिलाय, कुठे भेटतील?" बाईंनी नव्या दुकानाचा पत्ता देऊन टाकला. गिऱ्हाईक आपल्या आवडत्या हाताच्या मागे जातं, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. त्यांचं काही चुकलं नाही, पण तेव्हा मी त्यांच्यावर अशी भडकले की विचारू नका.

अकरा महिने झाले. झोप उडाली. कडी लावलीय ना, हे रात्रीतून दहादा बघायचे. फोन वाजला की सुई बोटात. भाऊ म्हणाला, "अगं, त्यानं हात तरी लावलाय का तुला? उगाच डोक्यात घेतेस." शेवटी मी गुपचूप मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेले. घरी अवाक्षर काढलं नाही. कळलं असतं तर माझ्या शब्दाला कुणी विचारलं असतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही घाबरट नाही. अकरा महिने पहारा देऊन थकलायत." मी तिथेच हमसून हमसून रडले. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्याही चोरूनच घ्यायला लागले.

मंगळवारी दुपारी तो नव्या दुकानात आला. हातात कोट, चारही बटणं गायब. आमचे मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते, दोघी बायका थांबल्या होत्या. मी कोट उलटा केला आणि ती चार सरळ टोकं बघून असा संताप आला म्हणून सांगू!

"मास्तर, जरा इकडे या. ही बटणं तुटली की कापली?"

मास्तरांनी चष्मा चढवला. "कापली. ब्लेडनं."

"अकरा महिने हा हेच करतोय. कापतो, आणतो, माझ्यामागे फिरतो, फोन करतो." माझा आवाज फुटपाथपर्यंत गेला असेल. जाऊ दे.

तो हसला. मास्तरांना म्हणाला, "मनावर घेऊ नका. बाईंना डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. बिचाऱ्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि मग लखकन डोक्यात आलं.

"माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही. तुला कसं कळलं रे?"

त्याचं हसू मावळलं.

"औषधांच्या दुकानात माझ्यामागे उभा होतास ना? बोल की आता!"

त्यानं कोटाला हात घातला. मास्तरांनी कोट ओढून काउंटरखाली टाकला. "पावतीशिवाय माल देत नाही आम्ही." पावती अजून फाडलीच नव्हती. एक बाई खुदकन हसली. तो बाहेर पळाला.

संध्याकाळी मीच भावाला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. त्यानं चपला घातल्या. मग माझ्याबरोबर पोलीस चौकीत आला, पण वाटेत चारदा बजावलं, "गोळ्यांचं बोलू नकोस हं, केस कच्ची होईल."

चौकीतल्या बाईंनी कोट बघितला, फोनच्या तारखा उतरवून घेतल्या. मग पेन थांबवून विचारलं, "काही मानसिक उपचार वगैरे चालू आहेत?"

भावानं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

"चालू आहेत. लिहा. आणि कुणामुळे चालू आहेत, तेही त्याच ओळीत लिहा."