ऋषीचा बाजार

इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात शहापूरची माहिती आहे, पण ती वाचली तर हे गाव आहे की नुसता एसटीचा थांबा तेच कळत नाही, अशी तक्रार कमळाकर गुरुजींनी केली आणि श्रावणातल्या एका संध्याकाळी वाचनालयात बैठक बसली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. संगणकापुढे बसलेली मनस्वी ही तिथली ग्रंथपाल. या ज्ञानकोशात कुणीही भर घालू शकतं, पण नियम पाळून, हे गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

बैठकीला जो आला तो आपलं काहीतरी घेऊन आला. एकाला आपलं मंगल कार्यालय हवं होतं. दुसऱ्याचे आजोबा पंचक्रोशीत गाजलेले पैलवान. माहुलीचा किल्ला नि भातसाचं धरण यावर कुणाचं दुमत नव्हतं. गुरुजींनी 'ध्येयवादी शिक्षक' असं एक उपशीर्षक सुचवलं आणि त्याखाली कुणाची नावं यावीत, हे दुसऱ्या कुणीतरी म्हणेल म्हणून वाट पाहत बसले. कुणी म्हणालं नाही.

सणवारांचा भाग देवकीकाकूंकडे दिला होता. देवकीकाकू म्हणजे गावातल्या भजनी मंडळाच्या. पहाटे तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायच्या नाहीत, नि आवाज असा की शेजारच्या खुर्चीवरच्यालाही वाकून ऐकावं लागे. दर चातुर्मासात त्या एक नेम धरत. कधी मीठ सोडलं, कधी पायात घालणं सोडलं. यंदाचा नेम होता, ऐकीव गोष्ट पुढे सांगायची नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. त्यामुळे आषाढापासून त्यांचं बोलणं आणखीच कमी झालं होतं.

"ऋषीचा बाजार घाला," त्या म्हणाल्या.

"कसला बाजार?" गुरुजींनी कानामागे हात धरला.

"ऋषीचा. गणपतीच्या आधी भरतो तो."

ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य नको, भाजी नको. हातानं खणून लावलेलं किंवा रानात आपसूक उगवलेलं तेवढंच चालतं. गावात आता इमारती झाल्या, परसं गेली. मग त्या दिवशीचं अळू, माठ, पडवळ, करटुली, कंद नि दात घासायच्या आघाड्याच्या काड्या, सगळं डोंगरपाड्यांवरच्या बायका पाट्या भरून आणतात. त्या आल्या नाहीत तर शहापुरात त्या दिवशी एकीचाही उपास नीट सुटायचा नाही.

"अहो, दोन दिवस पानं विकतात, त्याला काय बाजार म्हणायचं!" गुरुजी हसले.

"काकू, संदर्भ आहे का?" मनस्वीनं विचारलं. "म्हणजे हे कुठे छापून आलंय का?"

"छापून कशाला? मी दर वर्षी बघते की."

"तुम्ही बघितलेलं चालत नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं, छापलेलं लागतं."

देवकीकाकूंना हे काही केल्या पटेना. आपला नेम सांगतो पाहिलेलंच बोल, आणि हिचा ज्ञानकोश सांगतो पाहिलेलं सोडून बोल. तरी मनस्वीनं त्यांचं मन राखायला दोन ओळी टाकल्या. चहाचे कप विसळून होतात तोवर कुठल्याशा दूरच्या संपादकानं त्या काढून टाकल्या होत्या. शेरा होता, 'संदर्भ नाही.'

"पुसलं?" काकू म्हणाल्या. "कोण आहे तो? ऋषिपंचमी करते का त्याच्या घरी कुणी?"

मनस्वीला हसू आवरेना.

पुढच्या आठवडी बाजाराला काकू भिमीकडे गेल्या. भिमी उंबरमाळीकडच्या ठाकूरवाडीतली. पिंपळाजवळ रस्त्याच्या कडेला तिची पाटी ठरलेली. पण तिथे आता रंगीत विटांचा नवा फुटपाथ झाला होता नि त्यावर शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. कुंड्यांमागे काळूरामचं मोबाइलचं दुकान. भिमी नव्हती. तिची नात अंजू कॉलेज सुटून चालली होती, ती दिसली. वाडीतून कॉलेजात येणारी ती पहिलीच.

"आजी नाय येत आता," अंजू म्हणाली. "ऋषीलाही नाय येणार."

"का गं?"

"तिलाच विचारा." थोडं चालून ती मागे वळली. "तुमच्या त्या ज्ञानकोशात बघितला मी मोबाइलवर. शहापूरच्या पानावर किल्ला हाय, धरण हाय. आमी नाय. आमच्या वाडीतल्या बाया जन्मभर हितं येतात, त्या कुठंच नाय."

सोमवारी काकूंनी आसनगावहून दुपारची कसारा गाडी धरली आणि उंबरमाळीला उतरल्या. वाट चिखलाची, साग हिरवागार. भिमी दारात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"ये गो बाय! वाट चुकलीस काय?"

"तुझ्याकडेच आले."

"बस. च्या पिशील? का त्याचाबी उपास?"

"चहा चालतो."

"तुमचा काय चालतो नि काय नाय, देवालाच ठाव." भिमी चुलीकडे वळली. "तुमाला बैलाच्या कष्टाचा नको. आमच्याकडं बैलच नाय. मंग आमची बारा महिने ऋषीपंचमी!"

दोघी हसल्या. कोरा चहा घेता घेता भिमीनं आपणहून सांगितलं. "मी आईसच्या पदराला धरून यायची त्या पिंपळाखाली. आता तो दुकानवाला बोलतो, तू कुठली? मी सांगितला, उंबरमाळीची. तर बोलतो, मंग उंबरमाळीत बाजार भर, शहापूरचा फुटपाथ शहापूरच्या माणसांना. हितं कोणाला ईकू गो? बकऱ्यांना?" तिनं हसत हसत डोळे पुसले. "मना राग नाय. पण आता पाय उचलत नाय तिकडं. मी नाय, तर बाकीच्यांनीबी ठरवलाय. कोणीच नाय येणार."

देवकीकाकूंनी कप खाली ठेवला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, तसं त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

"तू ये. जागेचं मी बघते."

परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांना धडकी भरली. जागा काय आपल्या बापाची होती? नेम धरलेल्या तोंडानं आपण शब्द देऊन बसलो. जागा मिळाली नाही तर तो शब्द खोटा, नि भिमी पुन्हा कधी शहापुरात पाऊल टाकणार नाही. त्यांनी देवाला हात जोडले, पण देवावर टाकून मोकळं व्हायची ही गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या काळूरामच्या घरी गेल्या. दुकान खाली, घर वर. काळूरामची म्हातारी आई, पारूआजी, फुलवाती वळत बसली होती. काकूंनीही कापूस पुढे ओढला.

"यंदा ऋषीची भाजी जरा जास्त लागंल," पारूआजी म्हणाली. "धाकटी सूनबी धरणार हाय."

"पारूआजी, भिमी येत नाही म्हणते यंदा. तिच्याकडच्या बाकीच्याही नाहीत."

पारूआजीची बोटं थांबली. "का? बरी हाय ना?"

"बरी आहे. काल भेटून आले."

"मग?"

"कारण तिनं सांगितलं, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे." काकूंनी एक वात नीट वळून ताटात ठेवली. "जे झालं ते तुमच्या दुकानापुढे झालं. ज्याच्या देखत झालं, त्याला विचारा."

पारूआजीनं जिन्याकडे तोंड करून अशी हाक मारली की खाली दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं असेल. "काळ्या! वर ये!"

काळूराम वर आला. पन्नाशीचा माणूस, पण आईपुढे चप्पल हातात घेऊन उभा राहिला.

"भिमीला तू काय बोललास?"

"कोण भिमी? ती भाजीवाली? आये, फुटपाथ नवीन हाय. पाणी गळणाऱ्या पाट्या ठेवतात, चिखल करतात, देठं टाकून जातात. गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा नाय."

"तुझा गिऱ्हाईक मोबाइल घ्यायला येतो का फुटपाथ चाटायला?"

"तुला भाजी पायजे ना? मी आणतो मॉलमधून. पॅकिंगमधली, धुतलेली."

"ती नांगराची का हाताची, तुझं पॅकिंग सांगतं का रे?" पारूआजी कडाडली. "तू पोटात होतास तेव्हा भिमीच्या आईसच्या हातची भाजी खाल्ली मी पंचमीला. तिला विचारतोस, तू कुठली?"

काळूराम खाली बघू लागला. देवकीकाकूंना त्याची दयाही आली. चिखल होतो हे त्यांनीही पाहिलं होतं, नि पाहिलेलं न बोलणं हेही त्यांना जमेना.

"देठं टाकतात, हे खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "भजनी मंडळाच्या आम्ही संध्याकाळी झाडून घेऊ. खाली गोणपाट घालू. कुंड्या तेवढ्या दोन दिवस सरकवशील का?"

"वहिनी, तुमी झाडणार?"

"का? देवळात झाडतोच की."

काळूराम कान खाजवत म्हणाला, "कुंड्या जड हायेत." पण जिना उतरता उतरता तो त्या सरकवायला कुणाला तरी हाक मारत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी देवकीकाकू पूजा उरकून पिंपळापाशी आल्या. गोणपाटं घातलेली, कुंड्या भिंतीला लागलेल्या. मुरबाडच्या बाजूच्या दोघी पाट्या मांडून बसल्या होत्या, पण उंबरमाळीकडचं कुणी नव्हतं. गावातल्या बाया येऊन विचारत, "एवढीच भाजी?" मनस्वी कॅमेरा घेऊन आली, गुरुजी पिशवी घेऊन आले. घरून त्यांना सक्त ताकीद होती म्हणे, आघाडा विसरायचा नाही.

ऊन चढलं. काकू दोनदा वळणापर्यंत जाऊन आल्या. भिमीला आपण शब्द दिला, पण तिनं तो घ्यावाच असं थोडंच होतं?

आणि मग रस्त्याच्या वळणावर पाट्या दिसल्या. एक, तिच्यामागे आणखी, मग रांगच. पुढे भिमी, तिच्या डोक्यावर अळूचं हिरवं छत्र. अंजूच्या खांद्यावर कॉलेजची सॅक नि कडेवर काकड्यांची टोपली.

"एवढा उशीर?" काकूंच्या तोंडून रागावल्यासारखंच निघालं.

"साऱ्यांना घेऊन यायला टाइम लागतो गो बाय." भिमीनं पाटी उतरवली. "मी बोलले त्यांना, ही बाय कमी बोलते, पण बोलली तर बघू खरी निघते काय."

काळूराम दुकानातून बाहेर आला. त्यानं पाण्याचा जार आणून गोणपाटाजवळ ठेवला. भिमीनं जाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आईसला सांग, करटुली राखून ठेवलीत तिला." एवढ्यावर दोघांचं भागलं.

राहिला होता ज्ञानकोश. मनस्वीनं तोड सांगितली. तालुक्यातलं साप्ताहिक छापायला तयार होतं, पण लिहिणारी एक आणि ज्ञानकोशात लावणारी दुसरी असायला हवी. सणवारांचा भाग काकूंकडे, म्हणजे लावणाऱ्या त्या, मग लिहायला कोण?

"अंजू लिहील," काकू म्हणाल्या.

अंजूनं दोनदा नाही म्हटलं नि तिसऱ्यांदा कागद मागितला. बाजार कसा भरतो, कोण कुठून येतं, कुणी काय आणलं, कोण काय बोललं. जिला जिला विचारलं, तिचं नाव घालून तिनं लिहिलं. फुटपाथवरचं भांडणही घातलं, काळूरामची चिखलाची तक्रारही घातली. गुरुजींनी लाल पेन काढलं, वाचत गेले, आणि एका स्वल्पविरामापलीकडे काही न करता ते परत खिशाला लावलं. अंक निघाल्यावर तो त्यांनी वाचनालयाच्या दारात स्वतः लावला.

मग पुन्हा संगणकापुढे सगळे जमले. "आसपासच्या पाड्यांतील महिला शहापुरात येऊन भाजी विकतात," गुरुजींनी सांगितलं.

"सर, 'येऊन' नको," अंजू म्हणाली. "त्या दोन दिवसांत आमी पाहुण्या नाय. बाजार आमीच भरवतो."

गुरुजींनी देवकीकाकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. मनस्वीनं टंकलं, 'गणेश चतुर्थीच्या आधी शहापुरात ऋषीचा बाजार भरतो. डोंगरपाड्यांवरच्या स्त्रिया तो भरवतात.' पुढे कंसात एक बारीक आकडा. त्यावर टिचकी मारली की साप्ताहिकाचं नाव येई, आणि लेखिकेचं.

"म्हणजे आता मी संदर्भ?" अंजू म्हणाली.

"संदर्भ," मनस्वी म्हणाली. "कुणीही पुसायला आला तर आधी तुला वाचावं लागेल."

ओळ टिकली. घट उठले, दसरा झाला, ती तिथेच होती. आणि एक दिवस मनस्वीनं काकूंना बोलावून घेतलं. लेखाच्या मागे चर्चेचं एक पान असतं, तिथे मुरबाडच्या कुणा मुलीनं लिहिलं होतं. आमच्याकडेही पंचमीच्या आधी बायका अशाच बसतात, माझी आईही बसते, पण मुरबाडच्या पानावर काहीच नाही, आम्ही काय करावं?

"काय उत्तर देऊ, काकू?"

देवकीकाकूंनी चष्मा लावून तो प्रश्न पुन्हा वाचला. अंजू बाजूच्या टेबलावर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती, ती उठून आली.

"ती लिहिते का विचार," काकू म्हणाल्या. "नि तिला सांग, पुढच्या ऋषीला आम्ही मुरबाडला येऊ. आईची पाटी कुठे असते, तेवढं कळव."

मनस्वी टंकू लागली. "आम्ही म्हणजे कोण कोण, काकू?"

"मी तर जाणारच," अंजू म्हणाली. "आजीला मात्र हाताला धरून न्यायला लागेल. ती बोलेल, मुरबाडची भाजी काय भाजी हाय!"

"हे नको लिहू हं," काकू घाईनं म्हणाल्या, आणि तिघी मोठ्यानं हसल्या.