पाठमोरे मासे

दाजींची नोकरी गेली त्याच आठवड्यात ते आणि ताई आमच्याकडे राहायला आले, माझी खोली त्यांना मिळाली, मला हॉलमधला दिवाण मिळाला, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून दाजींनी दिवाणासमोरच्या भिंतीवर, म्हणजे माझ्याच खोलीच्या भिंतीवर, माशांची सपाट टाकी बसवायचं काढलं. फोटोच्या चौकटीसारखी, जेमतेम चार बोटं जाडीची. "लोक हातोहात नेतील," म्हणाले. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून माणूस थेट कारखानदार.

पहिली टाकी त्यांनी पाणी भरून तपासायला ठेवली ती माझ्या दिवाणावर, कारण काचा जोडणारं सिलिकॉन पक्कं झालंय याची त्यांना खात्री होती. गादी गच्चीवर नेऊन वाळवली कोणी? मीच. दुसऱ्या टाकीची मागची काच त्यांनी निळी रंगवली, भिंतीला अँगल ठोकले, आणि त्यांचे बोल्ट इतके लांब निघाले की भिंतीतून आरपार खोलीत गेले. तिकडच्या टोकांना ताईनं पर्स अडकवली. "बघ, खुंट्या फुकटात झाल्या," दाजी म्हणाले. असा हा माणूस.

मग गप्पी मासे आले. दाजी काचेपुढे उभे राहिले की मासे तोंडं उघडत पुढे यायचे, आणि हे येईल त्याला सांगत सुटायचे, "ओळखतात मला." डोंबल ओळखतात! खाणं टाकणारा हात दिसला की मासे पुढे येतात, त्या हाताला दाजी जोडलेत की दुसरं कोण, त्यांना काय त्याचं? म्हटलं, यांचा पोपट करायचाच. घरात कोणी नसलं की मी काचेच्या कोपऱ्यात बोटानं टकटक करायचो आणि चिमूटभर खाणं टाकायचो. मासे पटले. नंतर दाजी समोर उभे असले तरी मी जाता जाता ठोकलं की अख्खी पलटण त्यांना सोडून माझ्याकडे.

"काय रे, काय चाललंय तुझं?"

"कुठे काय? अभ्यास."

पण मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यासाठी अशी टाकी हवी झाली आणि त्या बघायला येणार असं ठरलं. त्यांना आवडली की दाजींचं काम सुरू, काम सुरू झालं की ते दोघं भाड्यानं जागा घेणार, आणि खोली माझी. म्हणून मी ठोकणं बंद केलं. खरंच बंद केलं.

त्याच दुपारी मासे मागच्या काचेला जाऊन चिकटले. सगळेच्या सगळे. तोंडं भिंतीकडे, शेपट्या माझ्याकडे, आणि त्या रंगवलेल्या काचेवर तोंडं उघडतायत, मिटतायत, पलीकडे कोणी चिमूट धरून उभं असल्यासारखी. मला वाटलं, दाजी सूड घेतायत, खोलीत बसून बोल्ट वाजवतायत. दबकत गेलो आणि दार ढकललं. खोली रिकामी. बोल्टवरची पर्ससुद्धा हलत नव्हती. दाजी स्वयंपाकघरात आईकडे जुनी गाळणी मागत होते.

मग मी नजर ठेवली. ताई खोलीत केस विंचरत असली की मासे शहाण्यासारखे इकडेतिकडे फिरायचे. ती बाहेर आली, खोलीत कोणी उरलं नाही, की वळायचे.

"तायडे, खोलीत आणखी कोणी असतं का गं?"

"तू नसतोस, तेवढं सुख आहे."

दाजींना म्हटलं, खाणं तसंच तळाला जातंय, मासे तोंड लावत नाहीत, तरी पोटं टम्म कशी? "माझा फिल्टर," ते छाती काढून म्हणाले. यांना काय सांगणार?

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सगळे हॉलमध्ये होतो, म्हणजे खोली रिकामी, म्हणजे मासे पाठमोरे. दाजींना घाम फुटला. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "तुझं ते टकटक कर ना रे, प्लीज." म्हणजे माहीत होतं त्यांना! मी ठोकलं. पुन्हा ठोकलं. एकही शेपटी वळली नाही. बाई मात्र हसल्या, "माझे पेशंटही मला बघून असंच करतात," आणि अश्शीच टाकी करायला सांगून गेल्या.

ताई-दाजी गेले. ही टाकी दाजींनी मला ठेवली, जाताना डोक्यावरून हात फिरवला, मी केस नीट केले.

"खोली खोली करून डोकं खाल्लंस," आई म्हणाली, "आता जा की."

"हॉलमध्ये वारा येतो."

"खिडक्या खोलीला आहेत, गाढवा."

दुपारी ती बाहेर गेली. मी खोलीला बाहेरून कडी घातली आणि दिवाणावर येऊन बसलो. मासे भिंतीकडे तोंड करून होते. मग ते हलले. मागच्या काचेला धरून, सगळे मिळून, सावकाश डावीकडे निघाले, जिकडे खोलीचं दार आहे तिकडे, पलीकडून कोणी चालतंय आणि हे त्याच्या पावलानं चाललेत असे. टोकाला जाऊन थांबले. कडी वाजली नाही. दार हललं नाही. मासे मात्र वळले, पुढच्या काचेवर आले, आणि तसेच सावकाश सरकत सरकत दिवाणासमोर येऊन थांबले. इतक्या दिवसांनी तोंडं इकडे. क्षणभर मला बरंच वाटलं, ओळखलं म्हणून.

पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी, दिवाणाच्या मोकळ्या टोकाकडे बघत तोंडं उघडत होते.

मी थोडा सरकून बसलो.